९४ कल्पना आणि ३१ वी ओळ: एका ऑनलाइन धंद्याच्या सुरुवातीचं प्रकरण

पार्श्वभूमी

तिघंही कपडे विकणाऱ्या एकाच ऑनलाइन कंपनीत कामाला होते. एक प्रोग्रामर, एक वेबसाइटची पानं करणारी डिझायनर आणि तिसरी रिटर्न विभागात आठ वर्षं काढलेली. ती वयानं मोठी, म्हणून बाकी दोघं तिला ताई म्हणायचे. मीही इथे तेच म्हणते. कंपनीनं पसारा आवरता घेतला तेव्हा तिघांच्याही नोकऱ्या एकाच महिन्यात गेल्या. हाती आलेल्या पैशांवर सहा महिने निभतील असा हिशेब मांडून त्यांनी ठरवलं, की आता दुसरी नोकरी शोधायची नाही, मिळून ऑनलाइन काहीतरी सुरू करायचं. काय ते ठरायचं होतं.

माझ्याकडे आले तेव्हा त्या सहा महिन्यांतले पाच आठवडे सरले होते. नव्यानं धंदा सुरू करणाऱ्यांबरोबर बसून त्यांचे निर्णय उसवून बघणं, हे माझं काम. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. निर्णयांचा क्रम आणि त्यातल्या चुका, माझ्यासकट, तशाच ठेवल्यात.

घोडं कुठे अडलं होतं

प्रोग्रामरनं लॅपटॉप उघडून मोठ्या अभिमानानं एक शीट दाखवली. ९४ ओळी. प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने: कल्पना, मार्केट केवढं, आणि तिघांचा उत्साह दहापैकी किती. तीन शनिवार तिघं समोरासमोर बसले होते, सुचेल ते बोलले होते, आणि बोललेलं सगळं शीटमध्ये उतरलं होतं. सगळ्यात जास्त गुण मिळालेली कल्पना अशी: नवी भाषा शिकणाऱ्यांना एकमेकांशी बोलायला जोडीदार शोधून देणारं ॲप.

'मग अडलंय कुठे?' मी विचारलं.

'तेच तर कळत नाहीये,' डिझायनर म्हणाली. 'दर आठवड्याला पहिला नंबर बदलतो.'

मी शीट वरपासून खालपर्यंत वाचली. निम्म्याच्या आसपास ओळी 'अमक्यांसाठी ॲप' या साच्यातल्या होत्या. त्या अमक्यांपैकी एकालाही तिघांतलं कुणी ओळखत नव्हतं. आणि ३१ व्या ओळीत एवढंच लिहिलं होतं: 'रिटर्नचं काहीतरी'. उत्साह, दहापैकी तीन.

ही ओळ कुणाची, हे विचारायची गरजच नव्हती. पण ताईंनी बैठकीत नेमकं काय सांगितलं होतं ते विचारलं, तर त्या दहा मिनिटं बोलल्या. ती दहा मिनिटं शीटमध्ये दोन शब्दांत आटोपली होती, कारण टाइप करणारा प्रोग्रामर होता आणि ताई बोलत होत्या तेव्हा त्याच्या डोक्यात स्वतःची पुढची कल्पना घोळत होती. यात लबाडी काहीच नव्हती. पण ज्याच्या हातात कीबोर्ड, त्याच्या कल्पना सविस्तर आणि बाकीच्यांच्या त्रोटक, हे मी इतक्या टेबलांवर पाहिलंय की हल्ली पहिला प्रश्न तोच विचारते: यादी कोणी लिहिली?

मोकळेपणानं बोलत सुटण्याची ही पद्धत रूढ केली जाहिरात क्षेत्रातल्या ॲलेक्स ऑसबर्न यांनी, १९४० आणि १९५० च्या दशकांत. त्यांचे चार नियम आजही सगळीकडे सांगितले जातात: टीका नको, जितक्या कल्पना जास्त तितकं बरं, अचाट कल्पनांनाही दार उघडं, आणि दुसऱ्याच्या कल्पनेवर आपली चढवा. या तिघांनी चारही नियम निष्ठेनं पाळले होते. पण १९५८ मध्येच येल विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. चार-चार जणांचे गट एकीकडे, आणि एकेकट्यानं विचार करणाऱ्या चौघांची एकत्र केलेली यादी दुसरीकडे. एकेकट्यांच्या यादीत जवळपास दुप्पट वेगवेगळ्या कल्पना निघाल्या. पुढे १९८७ मध्ये मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी त्याचं मुख्य कारण दाखवलं. एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता त्यांच्या डोक्यातलं विरून जातं. तीन शनिवारांत मिळून ताईंच्या नावावर सहा ओळी होत्या. प्रोग्रामरच्या पन्नासच्या वर.

पहिला निर्णय: याच यादीतून निवडायचं की पुन्हा बसायचं?

प्रोग्रामरला निवडायचं होतं. पाच आठवडे गेलेत, आता पुन्हा पाटी कोरी कशाला, हा त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. डिझायनर कुंपणावर. मी म्हटलं, एक संध्याकाळ द्या, त्यात काही हाती लागलं नाही तर तुमची यादी आहेच.

त्या संध्याकाळी बोलायला बंदी घातली. बर्न्ड रोरबाख यांनी १९६८ मध्ये एक पद्धत मांडली होती: सहा जण, प्रत्येकानं पाच मिनिटांत तीन कल्पना कागदावर लिहायच्या आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा, सहा फेऱ्यांत १०८ कल्पना. आम्ही ती तिघांपुरती आखूड केली आणि प्रश्न बदलला. 'काय सुरू करता येईल?' असं विचारलं की माणसं ॲपच सांगतात. त्याऐवजी कागदाच्या माथ्यावर लिहिलं: 'तुमच्या ओळखीतलं कोण, कुठलं काम, आज कसंबसं उरकतंय?' अट एकच. ज्याला आज रात्री मेसेज करता येईल असा खरा माणूस ओळीत हवा.

२२ ओळी निघाल्या. त्यातल्या ११ ताईंच्या. त्यातली एक मी जशीच्या तशी उतरवून घेतली होती: 'छोट्या ऑनलाइन दुकानाची मालकीण दर सोमवारी परत आलेल्या कपड्यांची कारणं शीटमध्ये भरते आणि ती शीट पुन्हा कधी उघडत नाही.'

प्रोग्रामरनं कागद हातात घेतला. 'ताई, ही कल्पना कुठेय? ही तर नुसती तक्रार झाली.'

'मग तुझ्या भाषेच्या ॲपमध्ये तक्रार कुणाची आहे, ते सांग ना,' ताई म्हणाल्या.

तो गप्प बसला. पटलं म्हणून नव्हे. त्याचं ॲप अजून त्याच्या डोक्यातून उतरलं नव्हतं आणि पुढचे काही आठवडे उतरणारही नव्हतं.

तीन पर्याय

२२ ओळी आणि जुनी यादी चाळून तीन पर्याय उरले.

भाषा-जोडीदाराचं ॲप. याचं आकर्षण मला समजत होतं. कल्पना ऐकताक्षणी कुणालाही आवडते. पण अशा धंद्याला दोन बाजू लागतात. एका भाषेचे शिकणारे आले आणि दुसऱ्या भाषेचे आले नाहीत, तर पहिले दोन दिवसांत निघून जातात. दोन्हीकडची गर्दी एकदम जमवायला पैसा किंवा आधीपासून जमलेला गोतावळा हवा. यांच्याकडे दोन्ही नव्हतं. शिवाय हे फुकटात करून देणाऱ्या जागा आधीच आहेत, त्यामुळे पैसे कोण आणि का देईल, याचं उत्तर 'पुढे बघू' असं होतं.

तयार टेम्प्लेटं विकण्याचं ऑनलाइन दुकान. हा डिझायनरचा पर्याय. आठवड्यात सुरू होण्यासारखा, जोखीम कमी. पण त्यात बाकी दोघांना करण्यासारखं फारसं काही नव्हतं. ही गोष्ट तेव्हा कुणी मोठ्यानं बोललं नाही, मीही नाही.

आणि तिसरा, रिटर्नचं काम. कपड्यांच्या छोट्या ऑनलाइन दुकानांना माल परत का येतो ते शोधून द्यायचं आणि दुकानाची पानं त्याप्रमाणे सुधारून द्यायची. दिसायला रटाळ. एकाच्याही डोळ्यांत चमक आली नाही. पण अशी दुकानं चालवणाऱ्या १४ जणांशी ताईंची थेट ओळख होती, आणि पहिल्या गिऱ्हाइकासाठी एक ओळ कोडही लिहावं लागणार नव्हतं.

मी कौल दिला नाही. दोन आठवड्यांत दोन्हींची परीक्षा घ्या, पहिल्याची आणि तिसऱ्याची, असं सुचवलं. दोन घोड्यांवर एकदम बसवणं ही माझीच चूक होती का, यावर शेवटी येते.

काय केलं

भाषेच्या ॲपसाठी डिझायनरनं एका दिवसात देखणं पान केलं: 'लवकरच येत आहे, ईमेल द्या.' प्रोग्रामरनं जाहिरातीला पैसे लावले. दहा दिवसांत ३१२ ईमेल जमले. त्यानं मला रात्री मेसेज केला: 'ड्रॉपबॉक्सचंही असंच झालं होतं.' गोष्ट खरी आहे. २००८ मध्ये एका छोट्या व्हिडिओनं फायली ऑनलाइन ठेवणाऱ्या या सेवेची प्रतीक्षा यादी एका रात्रीत ५,००० वरून ७५,००० वर नेली होती. पण तिथे संस्थापकांनी चालू स्थितीतली गोष्ट दाखवली होती आणि ती बघणाऱ्यांना फायली इकडून तिकडे नेण्याचा वैताग रोजचा होता. इथे फक्त एक गोड वाक्य होतं.

मग सोशल मीडियावरच्या पोस्ट ठरल्या वेळी टाकून देणाऱ्या बफर या सेवेचा धडा उसना घेतला. २०१० मध्ये जोएल गॅस्कॉइन यांनी बफर तयार होण्याआधीच त्याचं पान टाकलं आणि बटण व ईमेलच्या मध्ये दरांचं एक पान घुसवलं, म्हणजे पैसे देण्याची तयारी असलेले कोण ते कळावं. आमच्याही पानाला दरपत्रक जोडलं. त्यानंतर आलेल्यांपैकी चौघांनी पैशांचा पर्याय दाबला. चौघांना पत्रं गेली. एकाचंही उत्तर आलं नाही.

जाहिरातीचा खर्च एका माणसाच्या जवळपास महिनाभराच्या निर्वाहाइतका झाला होता. ही रक्कम आधी ठरवलेली नव्हती. आकडे चढताना दिसले की हात आखडत नाही.

तिकडे ताईंनी १२ दुकानवाल्यांना फोन केले. 'रिटर्नची कारणं शोधून देणारी सेवा आली तर आवडेल का?' बाराही जण हो म्हणाले. ताई खूष. मी म्हटलं, ताई, या होकारावर एक वीटही रचू नका. ओळखीच्या माणसाला तोंडावर नाही म्हणायला जीव धजत नाही, आणि 'आवडेल का' या प्रश्नाला 'हो' म्हणायला काही लागत नाही. पुन्हा फोन करा, आणि उद्याचं काही विचारू नका. शेवटची शीट कधी भरलीत, ती उघडून दाखवाल का, एवढंच विचारा.

या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं अर्धा तासाचं काम ते. एका दुकानाच्या मालकिणीनं व्हिडिओ कॉलवर आपली शीट उघडली. अकराशेहून जास्त ओळी. 'कारण' या रकान्यात ओळीमागून ओळ एकच शब्द: इतर. इतर. इतर. मधूनच एखादं 'माप बसलं नाही'. ती ओशाळली. 'फॉर्ममध्ये पहिला पर्याय तोच आहे हो. लोक तोच दाबतात.'

'मग खरं कारण कुठे कळतं तुम्हाला?' ताईंनी विचारलं.

'चॅटमध्ये. पण ते वाचायला वेळ कुणाला?'

तिनं चॅट उघडलं. पहिल्या वीस मेसेजांत आठ जणांची कहाणी एकच होती: तक्त्याप्रमाणे मागवलं आणि झालं भलतंच. ताईंनी मापांचा तक्ता मागितला आणि त्यांना लगेच दिसलं. छातीच्या पुढे ५२ सेंटीमीटर लिहिलं होतं. ते माप कपडा टेबलावर सपाट पसरून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत घेतलेलं. म्हणजे घेर १०४. पण घेणारा स्वतःच्या छातीला टेप गुंडाळून १०० मोजतो आणि ५२ बघून गोंधळतो. मग कुणी अंदाजानं एक साइज वरची घेतं, कुणी दोन मागवून एक परत धाडतं. हे माप अंगाचं की कपड्याचं, एवढी एक ओळ तक्त्यात नव्हती.

प्रोग्रामर त्या कॉलवर गप्प बसून होता. कॉल संपल्यावर त्यानं विचारलं, 'ताई, हे तुम्हाला इतक्या पटकन कसं दिसलं?'

'आठ वर्षं दुसरं काय केलं मी?'

दुसरा निर्णय: आधी बांधायचं की आधी हातानं करायचं?

आता प्रोग्रामरला सॉफ्टवेअर बांधायचं होतं. चॅट वाचून कारणं आपोआप लावणारं. दोन महिने लागतील म्हणाला. शिल्लक होते साडेतीन.

ऑनलाइन बूट विकणाऱ्या झॅपोस या कंपनीची गोष्ट इथे उपयोगी पडली. १९९९ मध्ये निक स्विनमर्न यांनी बुटांचं गोदाम न भरता जवळच्या दुकानांतल्या बुटांचे फोटो काढून वेबसाइटवर टाकले. ऑर्डर आली की दुकानात जाऊन बूट विकत घ्यायचे आणि पाठवायचे. नफ्याचा प्रश्नच नव्हता. लोक न घालून बघता बूट मागवतात का, एवढंच बघायचं होतं.

तसं यांनी केलं. १४ ओळखींना नेमका प्रस्ताव गेला: तुमचे गेल्या दोनशे रिटर्नचे मेसेज आम्ही वाचतो, कारणांची वर्गवारी आणि तीन पानांच्या दुरुस्त्या दहा दिवसांत देतो, पैसे आगाऊ. आगाऊ या शब्दावर ताई अडल्या. ओळखीच्या लोकांकडून आधी पैसे मागायचे कसे? दोन दिवस त्यांनी मेसेज लिहून ठेवला आणि पाठवला नाही. अखेर डिझायनरनं त्यांच्या हातातून फोन घेऊन पाठवला. फोनवर हो म्हणणाऱ्या बारांपैकी तिघांनी पैसे भरले.

तिघंच, असं प्रोग्रामर म्हणाला. ३१२ ईमेलांपेक्षा मला ते तीन जड वाटले.

निकाल

सहा महिने संपले तेव्हा सात दुकानं महिन्याच्या बोलीवर होती. पहिल्या तिघांपैकी एकाकडे मापामुळे येणारे रिटर्न डोळ्यांत भरण्याइतके कमी झाले. दुसऱ्याकडे थोडे. तिसऱ्याकडे काहीच फरक पडला नाही, आणि त्याचं कारण तक्त्यात नव्हतंच: शिवून येणाऱ्या प्रत्येक खेपेत एकाच साइजचं माप वेगळं निघत होतं. ताईंनी तसं लिहून दिलं, आणि तोच अहवाल त्या मालकाला सगळ्यात कामाचा वाटला.

सॉफ्टवेअरचा मोह पुरता सुटला नाही. मध्ये तीन आठवडे घालवून प्रोग्रामरनं रंगीत आलेखांचा डॅशबोर्ड केला. सातपैकी दोघांनी एकदा उघडला. दुकानवाल्यांना सोमवारी सकाळी ईमेलमध्ये एक पान हवं होतं: या आठवड्यात काय परत आलं, का आलं, कुठलं पान सुधारा. आता त्याचा प्रोग्राम मेसेजांची कच्ची वर्गवारी करतो, ताई ती तपासतात आणि पान जातं.

चौथ्या महिन्यात डिझायनर बाहेर पडली. कडू झालं. टेम्प्लेटांची कल्पना तिची, पण तक्त्यांचे नमुने तिनं यांच्यासाठी केलेले. ते आता कुणाचे, यावर वाद झाला. लेखी काहीच नव्हतं. शेवटी नमुने दोघांनीही वापरायचे असं ठरलं. आता तिचं टेम्प्लेटांचं दुकान सुरू आहे, पण ती आणि प्रोग्रामर एकमेकांशी बोलत नाहीत. कमाईत ताईंचं पूर्ण भागतं, प्रोग्रामरचं अर्धं. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यानं अर्धवेळ काम धरलंय.

वेगळं काय करता आलं असतं

भाषेच्या ॲपची परीक्षा चुकीच्या ठिकाणी घेतली. त्यातली शंका मागणीबद्दल कधी नव्हतीच, दोन्ही बाजूंची माणसं जमतील का याबद्दल होती. त्यासाठी वीस शिकणारे गोळा करून हातानं जोड्या लावल्या असत्या आणि तिसऱ्या आठवड्यात किती जोड्या अजून बोलतायत ते पाहिलं असतं तर जाहिरातीशिवाय उत्तर मिळालं असतं. कल्पना वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही. फार तर, ती या तिघांची नव्हती.

खर्चाचा आकडा आणि थांबायची तारीख, दोन्ही परीक्षेआधी लिहून ठेवायला हवी होती. नंतर लिहिलेली तारीख नेहमी पुढे सरकते.

माझ्या चुका दोन. दोन पर्याय एकदम चालवायला सांगितल्यानं प्रोग्रामर आणि ताई वेगवेगळ्या कामांत अडकले. तो पहिल्या दिवसापासून त्या फोनवर असता तर डॅशबोर्डचे तीन आठवडे बहुधा वाचले असते. दुसरी चूक जास्त लागते. टेम्प्लेटांच्या पर्यायावेळी डिझायनर गप्प झाली होती, हे मला दिसलं होतं. तिला काय हवंय, किती काळ थांबायची तयारी आहे, मिळून केलेल्या कामावर हक्क कुणाचा, हे त्याच संध्याकाळी विचारून एका कागदावर उतरवता आलं असतं. कल्पनांची छाननी करताना माणसांचीही करावी लागते, हे मी दुसऱ्यांना सांगते आणि इथे विसरले.

सध्या एक निर्णय टांगलेला आहे. बूट विकणाऱ्या एका दुकानानं विचारणा केलीय. प्रोग्रामरला घ्यायचंय, ताई म्हणतात, पायाचं माप मला कळत नाही, उगाच हो म्हणून अंगाशी यायचं. त्यांनी दुकानाला एवढंच कळवलंय की आधी गेल्या महिन्याचे मेसेज पाठवा, वाचून सांगतो. मेसेज अजून आलेले नाहीत.